बुधाजी घरत आणि मस्कतचं कार्ड

बुधाजी घरत गेले, त्यांच्या बाराव्याला गावकीची भांडी काढायची होती. सदू माळ्यावर चढला आणि वरनं खाली ओरडला, "बुधादा, मोठी कढई कुठल्या कोपऱ्यात ठेवलीस रं?" ओरडला आणि तसाच शिडीवर थांबला. अंगणात बायका तांदूळ निवडत होत्या, त्यांचे हात थांबले. कुणी हसलं न्हाय, कुणी रडलंपण न्हाय. चाळीस वर्षांची सवय, ती बारा दिवसांत कशी जाईल.

तर असा तो माणूस होता. काशीदच्या अलीकडं रस्ता समुद्राला खेटून जातो, तिथं वरच्या अंगाला घरतांची आळी हाय, बावीस घरांची. बुधाजींचं घर मधोमध. पंधराव्या वर्षापासून ते पेणकडच्या मिठागरात राबले, मिठानं तळव्यांना ज्या भेगा पडल्या त्या शेवटपर्यंत भरल्या न्हायत. मिठागर बंद पडलं तसे घरी आले. बायको सगुणाबाई, ती सहा वर्षांपूर्वी वारली. एकच मुलगा परेश, तो मस्कतला टगवर. टग म्हणजे मोठ्या जहाजांना ओढून बंदरात आणते ती छोटी पण ताकदीची बोट. सून कल्पिता घरी, मागच्या दोन खोल्या ती पर्यटकांना भाड्यानं देते आणि त्यांना जेवूखाऊ घालते. नात प्राप्ती, माणगावला खाजगी दवाखान्यात नर्स.

आणि गावकीची भांडी. लग्नाबारशाची मोठी टोपं, पराती, डाव, झारे, सगळं बुधाजींच्या माळ्यावर. त्यांचे नियम ठरलेले. मागंल त्याला द्यायचं, कशाला पाहिजे म्हणून विचारायचं न्हाय. घासूनपुसून परत आणायचं. आणि भांडं रिकामं परत करायचं न्हाय. टोपात मूठभर पोहे घाला, दोन आंबे घाला, वाटीभर खीर घाला, पण काय न् काय घालूनच आणायचं. पाच मिनिटं आधी भांडण झालं असलं तरी बुधाजींनी कुणाला भांडं न्हाय म्हटलं नव्हतं. न्हाय म्हणायला त्यांना जमतच नसे. तोच त्यांचा मोठेपणा होता, आणि सांगायचं तर तीच त्यांची खोडपण होती.

परेश तीन वर्षांपूर्वी सुट्टीवर आला तेव्हा त्याच्या तिकडच्या बँकेचं एक कार्ड आणि आपला एक जुना फोन घरी ठेवून गेला. फोनमध्ये मस्कतचा सिम. कार्डावर काही घेतलं की आकडा त्या फोनवर येणार, तो टाकल्याशिवाय खरेदी होत न्हाय.

"बाबा, तुमची औषधं, घरातलं काय लागलं तर कल्पिता ह्याच्यावर मागवेल," परेश म्हणाला. "पण कुणाला देऊ नका. आळीत तर बिलकुल न्हाय."

"मी कशाला कुणाला देतोय," बुधाजी म्हणाले, आणि ज्या डब्यात माळ्याची चावी असायची त्याच डब्यात त्यांनी कार्ड ठेवलं.

महिनाभर कार्ड घरातच होतं, मग सदूच्या बुटांचं झालं. सदू शेजारी, बुधाजींपेक्षा वीस वर्षांनी लहान, पण सकाळचा चहा त्याचा बुधाजींच्या ओटीवरच. त्यानं चिखलात घालायचे रबरी बूट फोनवरनं मागवले. माल आल्यावर पैसे द्यायचे अशा बोलीवर. खोका उघडला तर दोन्ही बूट डाव्या पायाचे. परत पाठवायचं तर कसं ते कुणाला माहीत न्हाय. सदू आठवडाभर दोन डावे बूट घालून बांधावर फिरला आणि मग वैतागून बुधाजींना म्हणाला, "बुधादा, परेशचं कार्ड दे बघू एकदा. रोख पैसे आत्ता देतो तुझ्या हातात."

ह्या वेळी बूट आले ते एक डावा, एक उजवा, आणि मापाचे.

झालं. आळीत बोलबाला झाला की मस्कतचं कार्ड लावलं तर माल पाठवणारा टरकतो आणि अस्सल वस्तू पाठवतो. आळीतल्या जुन्या लोकांना आठवत होतं, आखातातनं येणारी चादर, बाम, विजेरी, एकेक वस्तू वीस वीस वर्षं टिकायची. मग कार्ड पण तसलंच असणार की.

कल्पितानं समजावून बघितलं. "मामंजी, कार्ड कुठलंपण लावा, माल त्याच दुकानातनं येतो."

"मग सदूचे बूट?" बुधाजी म्हणाले.

तेव्हापासून बुधाजी गावकीच्या भांड्यांसारखं ते कार्डपण देऊ लागले. लोक ओटीवर यायचे, रोख पैसे द्यायचे, पोरासोरांकडून फोनवर आकडे भरून घ्यायचे. कुणी कार्ड घरी नेलं तर परत आणताना ताटलीत घालून आणायचे, सोबत दोन पुरणाच्या पोळ्या न्हाय तर सुके बोंबील. एकदा कार्डाला आठवडाभर सुकटीचा वास होता. परेशचा फोन आला की तो विचारायचा, "बाबा, माझ्या कार्डावर नऊवारी साडी कुणी घेतली?" बुधाजी म्हणायचे, "आवाज तुटतोय रं," आणि फोन कल्पिताकडे द्यायचे.

तर हे असं चाललं होतं. आता खरी गोष्ट सांगायची ती प्राप्तीच्या परीक्षेची.

प्राप्तीला मस्कतच्या एका इस्पितळानं फोनवर मुलाखत घेऊन निवडलं होतं. पण तिकडच्या सरकारची नर्सांची एक परीक्षा असते, ती आधी पास व्हायची. तिच्या कागदपत्रांची तपासणी चार महिने चालली. एका शुक्रवारी संध्याकाळी निरोप आला, कागद मंजूर झाले, फी भरा आणि तारीख घ्या. शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत खिडकी उघडी. त्यानंतर सहा महिन्यांनी. आणि इस्पितळ सहा महिने थांबणार नव्हतं, तसं त्यांनी लिहूनच कळवलं होतं.

प्राप्तीचं कार्ड परदेशात पैसे भरायला चालू नव्हतं. बँकेत जाऊन चालू करायचं म्हटलं तर दुसरा शनिवार. तिनं घरी फोन केला.

"आजा, पप्पांचं कार्ड लागंल मला. उद्या सकाळी येते. तोपर्यंत कुणाला देऊ नको हां."

"न्हाय गं. मी कशाला कुणाला देतोय."

पोरगी आठ वर्षांची असताना बाप मस्कतला गेला तो दोन वर्षांनी महिनाभर यायचा. तिकडं त्याच्यासोबत एका गावात राहायला मिळंल, त्याला चार घास करून घालता येतील, हे तिच्या मनात किती वर्षांपासून होतं ते बुधाजींना चांगलं माहीत होतं. शुक्रवारी फोन ठेवल्यावर त्यांनी डबा उघडून कार्ड हाय ना ते बघितलं, परत ठेवलं.

पण शनिवारी सकाळी सेल लागला. गणपती बारा दिवसांवर. सात वाजता पहिलं घर आलं, मिक्सर पाहिजे. मग मखराचे पडदे. मग आरतीला स्पीकर. मग कुकर. साडेनऊला सदू आला, त्याला रंग बदलणाऱ्या दिव्यांच्या माळा पाहिजेत.

"आज न्हाय रं, आज प्राप्तीला लागतंय," बुधाजी म्हणाले. म्हणाले खरं.

"तिला कधी लागतंय?"

"येईल साडेदहापर्यंत."

"मग आत्ता तर मोकळंच हाय की. दोन मिनिटांचं काम, बुधादा. कार्ड झिजतंय काय?"

बुधाजींनाही ते पटलं. कार्ड काय झिजत न्हाय.

प्राप्ती दोन एसट्या बदलून साडेदहाला आली. पाय धुतले, पाणी प्यायली, ओटीवर बसली. सोळा आकडे टाकले, मागचे तीन टाकले, बटण दाबलं. लाल अक्षरं आली, नाकारलं. परत दाबलं, परत तेच. तिसऱ्यांदा केलं, तरी तेच.

तेवढ्यात परेशचा जुना फोन वाजला. मस्कतचा नंबर. त्याच वेळी सदू कार्डाच्या उपकाराची परतफेड म्हणून बशीभर शिरा घेऊन अंगणात शिरला. सदूला हिंदी बरं येतं, पर्यटकांना घोडागाडीत फिरवलंय त्यानं. प्राप्तीनं फोन त्याच्याकडं धरला. "सदूकाका, पुरुषाचा आवाज पाहिजे. पप्पा बोलतोय म्हणून सांगा. बँक हाय."

सदूनं बशी कठड्यावर ठेवली, घसा खाकरला, आणि फोनचा आवाज मोठा केला.

पलीकडं एक बाई. हिंदी बोलत होती पण केरळकडची वाटत होती. "परेश घरत बोल रहे हैं?"

"हां जी, परेश ही बोलता मैं."

"सर, आपके कार्ड पर सुबह से पाँच खरीदारी हुई है, पाँच अलग नाम, सब एक ही गाँव. अब एक बड़ी रकम तीन बार. इसलिए कार्ड रोका है. आपकी जन्मतारीख?"

प्राप्तीनं कानात सांगितली, सदूनं घडाघडा म्हटली.

"आपकी माँ का शादी से पहले का नाम?"

हे सदूला माहीत होतं. सगळ्या आळीला माहीत होतं. "सगुणा," तो छाती फुगवून म्हणाला. "सगुणाबाई."

बाई म्हणाली, "सर, ये नाम नहीं मिल रहा. एक बार और बता सकते हैं. फिर गलत हुआ तो कार्ड हमेशा के लिए बंद होगा."

सदूचं तोंड उघडं राहिलं. सगुणा न्हाय तर मग कोण? त्यानं फोनवर हात ठेवला आणि बुधाजींकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं.

बुधाजींना नाव माहीत होतं. आता आळीत त्यांनाच फक्त माहीत होतं. लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत. ताटात तांदूळ पसरून, त्यात नवऱ्यानं अंगठीनं नवं नाव लिहायचं. भटजींनी बोट धरून गिरवून घेतलं तसं बुधाजींनी सगुणा लिहिलं होतं, अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी. पण माहेरी ती गोमती होती. परेशला तिनंच कधीतरी सांगितलं असणार, आणि बँकेचा फॉर्म भरताना त्यानं गोमती लिहून दिलं असणार. बुधाजींनी तर सगुणा हे नावसुद्धा तोंडानं कधी घेतलं नव्हतं. नवऱ्यानं नाव घ्यायची पद्धतच नव्हती त्यांच्यात. परेशची आय, असंच हाक मारायचे.

"आजा, ठाव हाय ना तुला?" प्राप्ती कुजबुजली. "सदूकाकांना सांग. पटकन."

बुधाजींनी हात पुढं केला. सदूनं फोन दिला.

"बेटी," बुधाजी म्हणाले, "नाम हमको मालूम है. लेकिन हम परेश नहीं. हम उसका बाप. आगे बोला वो हमारा सदू. बाजूवाला."

सदूनं कपाळावर हात मारला, त्याचा आवाज बहुतेक मस्कतपर्यंत गेला.

"चाचा," बाई म्हणाली, "तो ये सुबह की खरीदारी? मिक्सर, परदा, स्पीकर, कुकर?"

"वो सब हमारा आळी का है."

"और लाइट की माला?"

"वो सदू का."

बाई हसली की काय कळलं न्हाय. मग म्हणाली, "चाचा, ये कार्ड आपके बेटे का है. ये आपको भी नहीं चलाना चाहिए, आळी कैसे चलाएगी? अब मैं आपसे नाम ले भी नहीं सकती. कार्ड बंद रहेगा."

"बेटी, पोती का परीक्षा है. पाँच बजे तक."

"बेटे को बोलिए खुद फोन करे. कहीं से भी करे. मैं यहाँ सब लिखकर रखती हूँ, कि पिताजी ने अपने आप सच बताया. जो भी फोन उठाएगा उसको दिखेगा. इतना ही कर सकती हूँ." तिनं नंबर सांगितला, प्राप्तीनं लिहून घेतला. फोन बंद झाला.

प्राप्ती उठली. "आजा, एक नाव सांगायचं होतं. एक!" आणि ती आत गेली, दार लोटून घेतलं.

सदू म्हणाला, "बुधादा, जन्मात एकदा खोटं बोलला असतास तर समुद्र आटला असता काय?"

"परेशच्या आयचं नाव मी कधी घेतलं न्हाय रं. पहिल्यांदा घ्यायचं, ते खोटं बोलायला?" बुधाजी म्हणाले. मग जरा थांबून, "आन खोटं तर मी कालच बोललोय. पोरीला म्हटलं कुणाला देणार न्हाय, आन पाच घरांना दिलं. हे कार्ड तिच्या परीक्षेनं बंद पडलेलं न्हाय, माझ्यानं पडलंय."

सदूनं शिऱ्याची बशी उचलली, कुठं ठेवावी ते कळेना म्हणून हातातच धरून बसला.

आता परेशला गाठायचं कसं? तो चार दिवसांपासून समुद्रात, एक बंद पडलेलं जहाज ओढून आणत होता, त्याच्या फोनला रेंज न्हाय. बुधाजी उठून स्वयंपाकघरात गेले. तिथं परेशच्या कंपनीचं कॅलेंडर टांगलेलं असतं, दरवर्षी तो पाठवतो. त्यांना इंग्रजी वाचता येत न्हाय, पण खाली आकडे असतात हे त्यांनी बघून ठेवलेलं. खिळ्यावरनं कॅलेंडर काढलं, आणि प्राप्तीच्या दाराबाहेर उभे राहिले.

"प्राप्ती. बाय. मला शिव्या मागनं घाल. ह्यातला नंबर कुठला लावायचा तेवढं सांग."

आतनं आवाज न्हाय.

"बरं, मी आपला वरनं एकेक लावत जातो."

दार उघडलं. डोळे लाल. "वरचा फॅक्सचा हाय, आजा," ती म्हणाली, आणि कॅलेंडर हातातनं घेतलं.

ऑफिसचा नंबर वाजून वाजून बंद झाला, तिकडं शनिवारची सुट्टी. सगळ्यात खाली बारीक अक्षरात आणखी एक होता, बोटींच्या रेडिओ खोलीचा, तो चोवीस तास चालू असतो. तिथं एक माणूस सापडला. प्राप्ती इंग्रजीत बोलत होती, आणि बुधाजी तिच्या तोंडाकडं बघत होते. मध्येच ती थांबली, फोनवर हात ठेवला.

"आजा, तो विचारतोय, घरात कुणी वारलंय काय? मयत असंल तरच बोटीवर खाजगी निरोप देतात."

ती आजाकडं बघत राहिली. कल्पितापण बघत राहिली. सदूनं तोंड उघडलं, आणि स्वतःच मिटलं.

बुधाजींनी मान हलवली. न्हाय.

प्राप्तीनं फोनवरचा हात काढला आणि म्हणाली, कुणी वारलं न्हाय, सगळे बरे हायत. मी त्याची मुलगी, मी नर्स हाय, मला तिकडं त्याच्याकडं यायचंय, पाच वाजता माझी संधी जातेय. एवढंच. लांबड लावली न्हाय.

तो माणूस म्हणाला की दर बोट ठरलेल्या वेळी आपण कुठं हाय ते रेडिओवर कळवते. परेशची बोट तुमच्या घड्याळात साडेतीनला कळवेल. तेव्हा सांगतो. कॅप्टनकडं उपग्रहाचा फोन असतो, तो द्यायचा की न्हाय ते कॅप्टनच्या मनावर.

साडेतीन वाजायला तेव्हा चार तास होते.

ते चार तास आळीतल्या कुणाला विचारा, अजून सांगतील. बातमी घराघरांत पोचली. मिक्सरवाली म्हातारी आली आणि म्हणाली, मी माझी मागणी रद्द केली, कार्डावरचं ओझं कमी होईल. मग कुकर रद्द झाला, पडदे रद्द झाले, स्पीकर रद्द झाला. सदूच्या दिव्यांच्या माळा तेवढ्या निघून गेलेल्या, त्याला दहादा सांगावं लागलं की रद्द केल्यानं बँकेला काही फरक पडत न्हाय. तरी तो दुकानाला फोन लावून "भाऊ, गाडी थांबवा" म्हणत होता. कल्पितानं सगळ्यांना चहा केला. प्राप्तीनं फीचं पान उघडून ठेवलं होतं, दर दहा मिनिटांनी ते बंद व्हायचं, ती परत भरायची. नाव, जन्मतारीख, नोंदणी नंबर. भरून भरून तिला पाठ झालं.

बुधाजी जेवले न्हायत. मस्कतचा फोन मांडीवर ठेवून ओटीच्या कोपऱ्यात बसले, तिथं रेंज बरी येते. साडेतीन झाले. पावणेचार झाले. चार वाजले तेव्हा प्राप्ती येऊन त्यांच्याजवळ बसली.

"ह्या वेळी न्हाय झालं तर मी माळ्याची चावी पण देऊन टाकीन गावकीला," बुधाजी म्हणाले. "मला दुसऱ्याची वस्तू सांभाळता येत न्हाय."

"गप बस रे आजा," प्राप्ती म्हणाली. "भांडी कोण सांभाळणार मग? सदूकाका? दोन्ही डाव डाव्या हाताचे आणील."

सदू म्हणाला, "मी इथंच हाय, ऐकू येतंय मला."

सव्वाचार वाजून गेल्यावर फोन वाजला. नंबर कसलातरी लांबलचक, आवाज जसा काय विहिरीतनं येतोय.

"बाबा, काय केलंत तुम्ही?" परेश.

"शिव्या मागनं खाईन. आधी बँकेला फोन कर."

"करूनच तुम्हाला करतोय. त्या बाईनं सगळं लिहून ठेवलेलं, दुसऱ्या माणसानं वाचून दाखवलं मला. आईचं नाव विचारलं, मी सांगितलं, पाच मिनिटांत कार्ड उघडलं. तुम्ही माझं सोंग घेऊन नाव सांगितलं असतं आन मागनं मी फोन केला असता, तर त्यांनी कायमचं बंद करून पोलिसात दिलं असतं म्हणे." मग थोडा वेळ नुसती खरखर. "बाबा, सदू माझा आवाज काढून बोलला?"

"बोलला. तुझ्यापेक्षा बरं बोलला."

"प्राप्तीला म्हणावं, कर आता. कॅप्टन समोर उभा हाय, ठेवतो."

प्राप्तीनं आकडे टाकले. ओटीवर आठदहा माणसं, पण कोंबडीचं पाऊल वाजलं असतं तरी ऐकू आलं असतं. जुन्या फोनवर बँकेचा आकडा आला. बुधाजींनी तो एकेक करून मोठ्यांदा वाचला, एवढं त्यांना वाचता यायचं. गोल चाक फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय. सदू म्हणाला, "हे चाक कुणी थांबवा रे." आणि मग हिरवं पान आलं. फी मिळाली. परीक्षा मुंबईला, तारीख एकोणीस.

पाचला वीस मिनिटं कमी होती. प्राप्तीनं आजाच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि तशीच बसली. कल्पिता पदर तोंडाला लावून आत गेली. सदूनं सकाळचा गार झालेला शिरा सगळ्यांना हातावर वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिक्सरवाली परत आली. सेल अजून चालू होता.

"बुधादा, आता तर कार्ड उघडलंय ना?"

बुधाजी ओटीवर उभे राहिले. आळीनं त्यांना असं उभं राहून बोलताना कधी बघितलं नव्हतं. "भांडी गावकीची हायत, म्हणून मी देतो. कार्ड माझ्या पोराचं हाय. ते मी देणार न्हाय."

"मग माल डुप्लिकेट आला तर?"

"तर आपण सगळे मिळून परत पाठवायला शिकू."

म्हातारी दोन दिवस फुगून बसली. तिसऱ्या दिवशी कल्पितानं तिला तिच्याच फोनवरनं मिक्सर मागवून दिला. चांगला निघाला. तरी म्हातारी म्हणतेच, मस्कतच्या कार्डाचा असता तर आवाज कमी आला असता. बुधाजींना न्हाय म्हणायला मात्र तेव्हापासून जमायला लागलं, थोडं थोडं. कल्पितानं तर ते कार्डच मस्कतला परत पाठवून दिलं, परेशच्या एका सोबत्याच्या हातून, आणि परेशनं रीतसर अर्ज करून तिच्या नावाचं दुसरं घेतलं.

प्राप्ती पहिल्याच वेळी पास झाली. जानेवारीत गेली. बुधाजी विमानतळावर गेले न्हायत, एसटीपर्यंत गेले. गाडी वळणापलीकडं गेली तरी थांबले होते, मग म्हणाले, "चला, खोल्यांमध्ये पाहुणे येणार हायत ना?" आणि घरी येऊन दोन्ही खोल्यांमधल्या बादल्या भरल्या.

त्यानंतर पाच महिन्यांनी ते गेले. दुपारी जेवले, ओटीवर आडवे झाले, आणि चहाला उठवायला गेलं तर उठले न्हायत. कुणाकडनं काही करून घेतलं न्हाय. परेश आणि प्राप्ती दोघं एकाच विमानानं आले. कल्पिता अजूनपण तीन वाजता दोन कप चहा टाकते आणि एक परत भांड्यात ओतते.

पण त्या पाच महिन्यांतला एक शुक्रवार सांगायचा राहिला. प्राप्तीची पहिली सुट्टी होती आणि परेशची बोट बंदराला लागलेली. तिनं आपल्या खोलीवर त्याला जेवायला बोलावलं आणि इकडं व्हिडिओ कॉल लावला. बुधाजी फोन हातभर लांब धरून बसले. पडद्यावर दोघं एकाच ताटाच्या दोन बाजूंना. पंधरा वर्षांत परेशचा फोन यायचा तेव्हा त्याच्यामागं लोखंडाची भिंत असायची, न्हाय तर पाणी. त्या दिवशी मागं प्राप्तीनं दोरीवर वाळत घातलेला तिचा पांढरा नर्सचा पोशाख होता.

"काय केलंय गं?" बुधाजींनी विचारलं.

"कोलंबीचं कालवण, आजा. आणि भात."

"कसं झालंय रं, परेश?"

परेशनं घास खाल्ला. "मीठ जास्त हाय."

"पप्पा!" प्राप्तीनं त्याच्या हातावर चापट मारली.

बुधाजी एवढे हसले की फोन हलला आणि त्यांना नुसतं छप्परच दिसायला लागलं. कल्पितानं येऊन फोन सरळ केला. परेश अजून त्यांच्याकडं बघत होता, हातात घास तसाच.

"बाबा, तुम्ही जेवलात काय?"

"मी जेवलो. तू जेव. गार होतंय ते, बघत काय बसलास."